शाळेच्या दाराची बिजागरीकडची फट

खानापूर, बेळगाव, निपाणी या भागांत पावसाळी वाऱ्याने वर्गांची दारे धाडकन आपटतात. मात्र लहान बोटांना अधिक धोका कडीच्या बाजूपेक्षा बिजागरीकडच्या फटीत असतो, कारण दार मिटताना ती अरुंद होत जाते आणि तरफेच्या तत्त्वाने तेथील दाब कितीतरी पटींनी वाढतो. दार पूर्ण उघडल्यावरही ताण पडणार नाही अशी रुंद रेक्झिनची पट्टी चौकट व फळी दोन्हींना ठोकून, मुलांचा हात पोहोचेल त्या उंचीपर्यंत ही फट झाकावी. वर्ग चालू असताना दार भिंतीवरच्या हुकात अडकवावे. दगडाचा टेकू विश्वासाचा नाही, तो मुलेच आधी खेळायला उचलतात. बोटाचे टोक तुटलेच, तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी आणि तुकडा ओलसर कापडात गुंडाळून बंद पिशवीत घालावा. ती पिशवी बर्फावर ठेवून, तुकड्याला बर्फाचा थेट स्पर्श होऊ न देता, मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.