ट्रिगर दाबून मीटर लावा: फवारणीच्या हंगामाआधी बॅटरी पंपाची तपासणी

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, विळ्या-खुरप्यांना हळदीकुंकू लावतो. पाठीवरचा बॅटरी पंप मात्र गोठ्यातल्या खुंटीवरच लटकत राहतो. त्याची आठवण होते ती ऑक्टोबर छाटणीनंतर, द्राक्षबाग पोंग्यात आल्यावर, म्हणजे नवी फूट उमलू लागल्यावर. रात्री परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, पानं ओली असतात, डावणी या बुरशीच्या रोगाची फवारणी उद्यावर ढकलता येत नाही आणि नेमका त्याच दिवशी पंप चौथ्या ओळीत धापा टाकायला लागतो. सोलापूर जिल्ह्यातल्या काशेगाव-नान्नजकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. सांगोल्यात तेल्या रोगासाठी डाळिंबाच्या बागेत फिरणाऱ्यांचीही तीच गत. म्हणून सणाच्या सुट्टीतला एक तास या पंपाला द्या. ३०० ते ४०० रुपयांचा साधा डिजिटल मीटर (मल्टिमीटर) त्यासाठी पुरतो.

माझ्याच पंपाचं सांगतो. अर्धी टाकी संपली की दाब पडायचा. दुकानात नेला. तिथं बॅटरीला मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले. बॅटरी ठणठणीत, मोटर गेली, असा निकाल लागला. नवी मोटर बसवली, दुखणं तेच. मग दुसऱ्या एकानं बॅटरी बदलायला लावली. तरीही तेच. शेवटी वैतागून मी तळाचं झाकण उघडलं, तर बॅटरीच्या ऋण टोकावरची थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, हिरवीगार. वरून बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) गळत होतं, ते वायरीवरून ओघळत तिथं जाऊन वाळलं होतं. पॉलिश पेपरनं घासली, पक्कडीनं दाबून घट्ट बसवली आणि पंप पहिल्यासारखा चालला. दोन हजारांच्या वर गेले ते वेगळेच.

त्या दुकानातला मीटर खरंच बोलत होता. चूक एवढीच की तो पंप बंद असताना लावला होता. बंद पंपात करंट वाहत नाही, त्यामुळे सडलेल्या थिंबलमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. तीन अँपिअर करंट वाहायला लागला की मगच तो सांधा व्होल्ट खायला लागतो. म्हणून टाकीत साधं पाणी भरा, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर पूर्ण फिरवा, गनचा ट्रिगर दाबून धरा आणि पाणी उडत असतानाच मीटर बघा. एकट्याला जमत नाही, घरातल्या कुणाला तरी गन धरायला सांगा.

झाकण उघडण्याआधी एक काम. टाकी, नळी, गन तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या, पंप बाहेरून पुसून कोरडा करा, हातमोजे घाला. औषधाचा राप आतल्या वायरींवरही बसलेला असतो. त्याच हातानं तंबाखू मळणारे मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आधी बॅटरी. बहुतेक पंपांत १२ व्होल्टची, ८ किंवा १२ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून दोनेक तास तशीच ठेवा आणि मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर लावून मोजा. १२.७ च्या पुढं आकडा असला तर पूर्ण भरली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. आता ट्रिगर दाबून पाच मिनिटं चालवा. चांगली बॅटरी १२ च्या आसपास टिकून राहते. भरलेली असूनही बघता बघता ११ च्या खाली घसरली आणि ट्रिगर सोडल्यावर पुन्हा १२.५ ला उडी मारली, तर तिच्यात दम राहिलेला नाही. तिला बदलाच. लिथियमची असेल तर हे आकडे तिला लावू नका, आणि तिचा चार्जर लेड-अॅसिडला किंवा उलटं कधीही जोडू नका.

बॅटरी टिकून आहे, पण फवारा मंद आहे? मग खरी गंमत इथं आहे. ट्रिगर दाबलेलाच ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, लगेच मोटरच्या टोकांवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक. एक व्होल्टच्या पुढं गेला तर वाटेत कुठंतरी व्होल्टची गळती आहे. रेग्युलेटर अर्धवट फिरवलेला असेल तर मोटरवर व्होल्ट कमीच दिसणार. तो दोष नाही, त्याचं कामच ते आहे. म्हणून पूर्ण फिरवा म्हटलं.

गळती शोधायला काहीही तोडावं लागत नाही. पंप चालू असताना मीटरच्या दोन्ही सुया एकाच स्विचच्या दोन पायांवर ठेवा. चांगल्या स्विचवर आकडा जवळजवळ शून्य असतो. ०.३ किंवा ०.४ दिसले तर आतले पॉइंट जळलेत. पूर्ण १२ दिसले तर स्विच लागतच नाही. फ्यूजवर, थिंबलवर, रेग्युलेटरच्या आत-बाहेरच्या वायरींवर असंच सुया सरकवत जा. फ्यूज होल्डर ढिला पडला की फ्यूज शाबूत असूनही पंप रखडतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. आणि कृपा करून उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घालू नका. फ्यूज का उडाला ते शोधा. बहुतेक वेळा मोटर जाम असते किंवा पट्ट्याच्या घर्षणानं वायरीचं रबर गेलेलं असतं.

मोटर अजिबात फिरत नसेल तर बॅटरीआधी प्रेशर स्विचवर संशय घ्या. पंपाच्या डोक्याशी दोन वायरी जाणारी ती छोटी डबी. गन बंद केली की दाब वाढतो आणि ती मोटरचा करंट तोडते, गन उघडली की पुन्हा जोडते. आत औषधाचा खार साचला की ती तुटलेल्या अवस्थेतच अडकते. बॅटरी काढा, गन उघडून नळीतला दाब सोडा आणि मीटर बीपवर लावून त्या दोन टोकांना सुया टेकवा. आवाज आला पाहिजे. आला नाही तर स्विच गेला. खात्रीसाठी बॅटरी जोडून, गन उघडी ठेवून ती दोन टोकं क्षणभर वायरच्या तुकड्यानं जोडा, मोटर सुरू होईल. पण ‘चालतंय की’ म्हणून तो तुकडा तसाच ठेवून रानात जाऊ नका. गन बंद केल्यावर मोटर थांबणार नाही आणि एक तर नळी फुटेल, नाहीतर मोटर जळेल. नवा स्विच स्वस्तात मिळतो.

मोटर धडधड करत चालू-बंद होत असेल तर मीटर ठेवून द्या. नोझल तुंबलं असेल, किंवा पंपाच्या मानानं फार बारीक लावलं असेल. मोटर जोरात फिरते पण फवारा नाही, तर ओढणाऱ्या नळीत हवा शिरते किंवा व्हॉल्व्हखाली कचरा अडकलाय. यात विजेचा संबंध नाही. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, तर डायफ्रामजवळ गंधकाची भुकटी वाळून बसली असण्याची शक्यता जास्त. कोमट पाणी भरून तासभर ठेवा, मग बघा.

करंट मोजायचा असेल तर लाल सुई १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर वायरीच्या मधोमध जोडावा लागतो. या मोटरी साधारण २ ते ४ अँपिअर घेतात. मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा खूप जास्त दिसला तर मोटर अडतेय. मोजून झालं की सुई परत व्होल्टच्या भोकात घाला. विसरून तोच मीटर बॅटरीवर लावला की थेट शॉर्ट होतो, माझा एक मीटर असाच गेला आहे.

चार्जरबद्दल थोडं. बॅटरीला जोडल्यावर टोकांवरचे व्होल्ट हळूहळू चढत १४ च्या आसपास गेले पाहिजेत. आकडा हललाच नाही तर पंपाच्या चार्जिंग सॉकेटमागचा सोल्डर तपासा, वायर ओढून ओढून तो तुटतो. रिकाम्या बॅटरीवर हिरवा दिवा लगेच लागला तर आनंद मानू नका, बॅटरी चार्ज घेत नाहीये. चार्जिंग चुलीजवळ किंवा बंद पेटीत नको. आणि हंगाम संपल्यावर बॅटरी रिकामी ठेवून देणं हेच तिचं मरण. महिन्यातून एकदा भरा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. बॅटरी घरात, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा.

मोठ्या बागेत सिंगल फेज मोटरवर एचटीपी (जास्त दाबाचा मोठा फवारणी पंप) चालवणाऱ्यांनाही तोच नियम, मीटर मोटर चालू असतानाच लावायचा. स्टार्टरजवळ २३० दिसतात आणि दोनशे फूट पातळ केबलच्या टोकाला १८० च भरतात. मग मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. जाड केबल घाला. मोटर गुणगुणून थांबत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, पण लाइन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, नुसता हात लावू नका. हे काम वायरमनचंच. ओल्या बागेत केबल ओढत फिरायचं तर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबून बघा. न्यूट्रलला अर्थिंग समजून जोडण्याचा उद्योग आपल्याकडं अजून चालतो, तो आधी काढून टाका. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. ठिबकचा एक ड्रिपर त्या खड्ड्यात सोडून ठेवला की काम भागतं.