पाऊस ओसरताना औषधी वनस्पतींची काढणी, वाळवण आणि घरगुती वापर

पावसाचा जोर ओसरून उन्हे स्थिर होऊ लागली की औषधी वनस्पतींचे वाफे आणि बांध एकाच वेळी काढणीला आल्यासारखे दिसू लागतात. प्रत्यक्षात या दिवसांत पाने तोडायची असतात आणि मुळांना व खोडांना अजून हात लावायचा नसतो. औषधी पिकात वजनाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्यातील गुणकारी घटकांना असते, आणि ते घटक झाडाच्या कोणत्या भागात कोणत्या अवस्थेत साठतात हे ओळखूनच कोयता हाती घ्यावा.

पावसाच्या सुरुवातीला रोपे लावलेली तुळस आता पहिल्या कापणीला येते. लागवडीपासून सुमारे 90 दिवसांनी, झाड पूर्ण फुलोऱ्यात असताना, जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटर खोड राखून कापणी करावी, म्हणजे फुटवा जोमाने येतो आणि पुढची कापणी दोन-अडीच महिन्यांत मिळते. तुळशीचा गुण तिच्या सुगंधी तेलात असतो आणि ते उडून जाणारे असल्यामुळे ढगाळ दिवशी किंवा नुकताच पाऊस पडून गेला असताना कापणी टाळावी. सर्दी आणि घशाची खवखव यांसाठी तुळशीच्या पानांचा काढा घेतला जातो. त्याने आराम वाटतो, मात्र चढलेला ताप नुसत्या काढ्यावर सोडून देऊ नये.

अडुळशाचे महत्त्व बांधावर लावणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. चव कडू असल्यामुळे जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला तो सोयीचा पडतो, आणि कफाच्या खोकल्यावरचे औषधही घराजवळच राहते. त्याच्या पानांतील व्हॅसिसिन या घटकावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध तयार झाले. काढणीसाठी पूर्ण वाढलेली गर्द हिरवी पाने घ्यावीत. पिवळी पडलेली व डागाळलेली पाने वेगळी काढावीत. पाने वाफवून काढलेला रस मधाबरोबर घेण्याची रीत आहे, परंतु अडुळसा गर्भाशयाला उत्तेजित करीत असल्याने गर्भवतींनी तो घेऊ नये, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर काढा बाजूला ठेवून क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी.

शेतात चांगला आलेला माल सर्वाधिक बिघडतो तो वाळवणीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दव उतरल्यानंतर तोडलेली पाने ढीग न करता लगेच पसरावीत, कारण ढिगात ती तापून काळी पडतात. जमिनीपासून उंचावर बांधलेल्या जाळीवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर, हवा खेळत्या सावलीत, पातळ थर देऊन दिवसातून दोन-तीनदा उलथापालथ करावी. कडक उन्हात पानांचा रंग आणि सुवास दोन्ही जातात. मुळे मात्र धुऊन उन्हात वाळवता येतात. पान मुठीत चुरले असता कुरकुरीत तुटले पाहिजे आणि देठ वाकण्याऐवजी मोडला पाहिजे. ओलावा साधारण 10 टक्क्यांच्या खाली आला नसेल तर साठवणीत बुरशी धरते, आणि बुरशीमुळे निर्माण होणारी विषे नंतर उकळूनही पुरती जात नाहीत. अर्धवट वाळलेला माल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणे ही यातली नेहमीची चूक आहे. फवारणी झालेल्या पिकाजवळची किंवा रहदारीच्या रस्त्याकडेची पाने औषधासाठी घेऊच नयेत. प्रत्येक पोत्यावर वनस्पतीचे नाव, घेतलेला भाग आणि काढणीची तारीख लिहावी. वाळलेली पाने दिसायला सारखीच असतात.

अश्वगंधा आता उभी आहे. तिच्यात पाणी साचल्यास मूळ कुजते, म्हणून चर मोकळे ठेवावेत, दाट रोपांची विरळणी करावी आणि खुरपणी उरकावी. पाने सुकू लागणे आणि फळे लालसर होणे ही तयारीची खूण पेरणीनंतर 150 ते 180 दिवसांनी दिसते. त्याआधी उपटलेली मुळे बारीक भरतात. शतावरीला तर दीड ते दोन वर्षे द्यावी लागतात.

गुळवेलीच्या बाबतीत घाई करण्यापेक्षा ओळख पक्की करणे अधिक गरजेचे आहे. तोडलेल्या तुकड्यालाही कोंब फुटतात, म्हणून संस्कृतात तिला छिन्नरुहा म्हणतात, आणि तुकडे लावूनच ती वाढवली जाते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक जात आहे, जिच्या खोडावर ठळक गाठीसारखे उंचवटे दाटीने असतात. ती गुळवेल म्हणून तोडू नये. तापात आणि अशक्तपणात गुळवेल वापरतात, परंतु ती घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत, त्यामुळे यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असा) आजार असणाऱ्यांनी ती वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रोज, महिनोन्महिने काढा पिण्याची सवय निरोगी माणसालाही हितावह नाही.

थंडी लागताच इसबगोल पेरता येतो. बी अगदी बारीक असते, म्हणून ते वाळूत मिसळून उथळ पेरावे. पक्वतेच्या वेळी पाऊस आला तर बी गळून पडते, त्यामुळे काढणीचा काळ कोरडा जाईल असा पेरणीचा बेत ठेवावा. बद्धकोष्ठतेवर त्याची साल भरपूर पाण्यातच घ्यावी, कारण कोरडी गिळल्यास ती घशात फुगून अडकू शकते. इतर गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचे अंतर राखावे.