देणगी नेण्याआधी एक फोन करा

२६ जानेवारीला सेवाभावी संस्थेच्या वसतिगृहाच्या दारात सहा जण बिस्किटांचे पुडे घेऊन उभे असतात. जुलैत तेलाचा पिपा खडखडतो तेव्हा कोणी फिरकत नाही. विदर्भात शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पोरं परत येतात, वह्या-गणवेशाचा खर्च एकदम अंगावर येतो आणि त्याच वेळी देणारा कास्तकार स्वतः बियाणं-खताच्या पैशासाठी धावत असतो. म्हणून हंगाम हाती आल्यावर, म्हणजे सोयाबीन-कापूस विकल्यावर किंवा तूर-हरभरा घरात आल्यावर बाजूला काढलेले पैसे जून-जुलैत पोचवणं, हा संस्थेला हातभार लावायचा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग आहे.

त्याच्याही आधी फोन. चार गोष्टी विचारा: आत्ता कोठीत काय संपत आलंय, महिन्याचा मोठा खर्च कशावर होतो, सामान कोणत्या दिवशी आणावं म्हणजे उतरवून घ्यायला माणूस असेल, आणि काय आणू नये. चौथा प्रश्न टाळू नका. दात्याला ‘नको’ म्हणायची संस्थेची हिंमत होत नाही, आणि मग जुन्या कपड्यांची गाठोडी वऱ्हांड्यात उंदरांच्या हवाली होतात. कपडे द्यायचेच तर धुऊन, बटणं-चेन तपासून, मुलगे-मुली आणि वयाप्रमाणे वेगळे बांधा, वर चिठ्ठी लावा. आतले कपडे नवेच द्या. उघडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कोणालाच नकोत. मुदत छापलेला तुकडा फाटलेला असतो आणि डॉक्टर त्या गोळ्या देत नाहीत.

धान्य द्यायचं तर

४० मुलांच्या वसतिगृहाचा अंदाज असा बांधा. मोठ्या पोराला दोन वेळा मिळून पावणेचारशे ग्रॅम धान्य लागतं, म्हणजे रोज १५ किलो, महिन्याला साडेचार क्विंटल. डाळ माणशी ६० ग्रॅम धरली तर महिन्याला ७२ किलो. तेल २५ ग्रॅमने महिन्याला ३० किलो, म्हणजे १५ किलोंचे दोन पिपे. यावरून दिसतं की तुमची ५० किलोंची चुंगडी सव्वातीन दिवसांत संपते. एकट्याने वर्षातून एकदा भरपूर देण्यापेक्षा गावातल्या बारा घरांनी महिने वाटून घेतले तर कोठी सांभाळणाऱ्याला हिशेब लावता येतो. बारा क्विंटल गहू एकदम आला तर ठेवायला कोठ्या नसतात आणि पावसाळ्यात त्याला सोंडे लागतात.

धान्य देताना चुका ठरलेल्या आहेत, आणि त्यातल्या तीन जिवावर बेतू शकतात.

पेरून उरलेलं बियाणं खायला देऊ नका. गुलाबी, लाल किंवा निळा रंग दिसतो तो बुरशीनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा असतो, आणि धुऊन रंग गेला तरी औषध जातंच असं नाही. खताच्या किंवा फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या पोत्यातही धान्य भरू नका, पोतं कितीही स्वच्छ झटकलेलं असो. आणि कोठीत कीड मारायची सेल्फॉसची गोळी टाकली असेल तर ते धान्य तसंच उचलून नेऊ नका. त्या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत पोरं झोपलेली असतील तर माणसं दगावतात. गोळीची उरलेली भुकटी सुद्धा धान्यात राहता कामा नये. संस्थेसाठी धान्य काढायचं ठरलं असेल तर त्या वाट्याला गोळी लावूच नका. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा आणि कोरड्या पोत्यात भरा. वाळलं का ते बघायला दाणा दाताखाली धरा. कट्ट आवाज होऊन तुटला तर ठीक, चिबला तर आणखी एक ऊन द्या.

तूर देताना गणित वेगळं. क्विंटलभर तुरीची मिलमध्ये साधारण ७० किलोच्या आसपास डाळ उतरते; भरडाई आणि गाडीभाडं संस्थेला पडतं. एक तर डाळच करून न्या, नाही तर भरडाईचे पैसे सोबत द्या. भंडारा-गोंदियाकडे तांदूळ देणारे पुष्कळ, पण नवा तांदूळ मोठ्या गंजात शिजवला की गिचका होतो. स्वयंपाकीण बाईंना विचारा, त्या जुनाच मागतील.

लग्नातलं उरलेलं अन्न हा नाजूक विषय आहे. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी ९ ला शिजलेला भात-वरण दुपारी ४ ला टेम्पोत चढवणं म्हणजे पोरांना जुलाब देणं. पंगत बसायच्या आधीच फोन करून किती माणसांचं उरेल ते सांगा, न वाढलेलं अन्न झाकून वेगळं ठेवा आणि शिजल्यापासून चार तासांच्या आत ताटात जाईल अशी सोय असेल तरच पाठवा. मठ्ठा, श्रीखंड, खव्याची मिठाई नकोच.

पैसे

लोकांना जेवण द्यायला आवडतं. स्वयंपाकिणीचा पगार, विजेचं बिल आणि मोटार रिवाइंडिंग यासाठी द्यायला आवडत नाही. संस्था अडते ती इथेच. दर महिन्याला ३०० रुपये, कशाला वापरायचे याची अट न घालता, हे वाढदिवसाच्या एका जेवणापेक्षा जास्त कामाचे. आईवडिलांच्या नावाने कायमची रक्कम ठेवायची असेल तर सोबत पत्र द्या आणि त्यात ‘कायम निधीसाठी’ असं स्पष्ट लिहा. मग मुद्दल जपून व्याज वापरलं जातं. पत्र नसेल तर ती रक्कम साधी देणगी धरली जाते आणि वर्षात खर्च होते.

पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच जाऊ द्या. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. पावतीवर छापील क्रमांक, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. तो बहुधा ‘एफ’ किंवा ‘ई’ अक्षराने सुरू होतो आणि पुढे कंसात जिल्ह्याचं नाव असतं. एसटी स्टँडवर पावतीबुक घेऊन फिरणाऱ्याला हा क्रमांक विचारा. शंका असेल तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून, फी भरून संस्थेची नोंद आणि हिशेबपत्रकं पाहता येतात. तिथे दोन गोष्टी बघा: गेल्या वर्षीचं ऑडिट जमा आहे का, आणि विश्वस्तांची नावं आज काम पाहणाऱ्यांशी जुळतात का. नावं जुनीच असतील, तर बहुधा विश्वस्त बदलल्याचा अर्ज भरलेला नाही किंवा संस्थेत भांडण आहे. दोन्ही प्रकारांत मोठी रक्कम देण्याआधी बसून बोला. लहान संस्थांचे कागद उशिरा होतात, तेवढ्यावरून चोर ठरवू नका.

करसवलतीचं थोडक्यात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बहुतेक कास्तकारांना ८०जी चा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, विचारच करायला नको. घरात मास्तर, ग्रामसेवक किंवा बँकेतलं कोणी असेल तर त्यांना तो लागतो. २,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास सवलत नाही. धान्य, कपडे, वस्तू दिल्यास नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तरी नाही. देताना पॅन कळवा, कारण संस्थेने देणगी आयकर खात्याकडे नोंदवून प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसती पावती पुरत नाही. ‘पाच हजार द्या, पंचवीसची पावती करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, नोटीस तुमच्या घरी येते. अमेरिकेतल्या भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या स्वतःच्या बचतीतली देणगी विदेशी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही.

गावातल्या मंडळाने कोणासाठी वर्गणी काढायची ठरवली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी खाली आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. जमा-खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कोणी किती दिले यापेक्षा कोणाला किती पोचले हे मोठ्या अक्षरात लिहा.

वेळ द्यायचा तर

गाडगेबाबा गावात पाय ठेवला की आधी झाडू हातात घेत, कीर्तन रात्री. नव्या माणसाने तोच क्रम ठेवावा. संस्थेत भाषण, मार्गदर्शन, व्यक्तिमत्त्व विकास सांगणारे खूप येतात. पाण्याची टाकी धुणारा, वायरिंग बघणारा, थकलेली पत्रं टाइप करून देणारा, किराण्याची बिलं महिन्याप्रमाणे लावणारा मिळत नाही.

सगळ्यात मोठी उणीव आहे ती रुग्णासोबत नागपूरला जाणाऱ्याची. खेड्यातला म्हातारा एकटा मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत, गेला तर कागदाच्या खिडकीपासूनच परत येतो. सोबत जाणार असाल तर आदल्या रात्रीच पिशवी भरा: आधार, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, दोन-तीन झेरॉक्स, डबा, पाणी, पांघरूण. ओपीडीची खिडकी उघडायच्या आधी रांगेत असाल अशा बेताने निघा. तपासणीत रक्त द्यायचं असेल तर उपाशीपोटी लागेल का, ते आधी विचारा. नाश्ता करून गेल्यामुळे अख्खी खेप वाया जाते. भरती करायचं ठरलं की महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्या दवाखान्यातल्या माणसाला, लगेच गाठा. उपचार झाल्यावर कागद काढायला गेलात तर फार उशीर झालेला असतो. डॉक्टर जे बोलले ते कागदावर मराठीत लिहून घरच्यांच्या हाती द्या, पुढची तारीख ठळक.

मुलांना शिकवायचं असेल तर आठवड्याचे दोन ठरलेले दिवस, दीड-दीड तास, किमान एक सत्र. दोनदा येऊन गायब होणाऱ्या दादा-ताईंची पोरांना चांगली ओळख असते. मेळघाटात घरी कोरकू बोलतात, भामरागडकडे माडिया. पोर गप्प बसलं म्हणजे त्याला येत नाही असं नव्हे, प्रश्न कळला नसेल. एका मुलासोबत बंद खोलीत बसू नका, आणि संस्थेने पोलिस पडताळणी मागितली तर राग मानू नका. बालगृहातल्या मुलाचं नाव किंवा चेहरा उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसही त्यात आलं.

रक्तदान उन्हाळ्यात करा. शिबिरं आटतात, पण पूर्व विदर्भातल्या सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांची गरज आटत नाही. वजन ४५ किलोंच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर हवं. पुरुषांनी तीन, स्त्रियांनी चार महिन्यांचं अंतर ठेवावं. तुम्ही स्वतः सिकलसेलचे वाहक असाल तर तसं रक्तपेढीला आधी सांगा.

वरोऱ्याचं आनंदवन, हेमलकसा किंवा गडचिरोलीचं शोधग्राम इथे जायचं मनात असेल तर पत्र किंवा ईमेल करून परवानगी आल्यावरच निघा. तिथे काम रोजचं असतं, पाहुण्यांच्या सोयीने ठरत नाही. आणि भामरागडकडे सामान पाठवायचं तर जूनच्या पहिल्या पंधरवड्याआधी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तुमची डाळ आलापल्लीला ताडपत्रीखाली भिजत पडते.