चाकाशिवाय मातीची वाटी: घडवायची कशी, कोरायची कशी

पोळ्याचे बैल आणि दिवाळीतला किल्ला संपला की मातीशी आपला संबंध तुटतो तो कायमचा. पुन्हा हात घालायचा तर चाकापासून सुरुवात करू नका. चाकावर गोळा मधोमध बसवायला शिकण्यातच कित्येक दिवस जातात, आणि हौस तिथेच फिटते. वाटी हातानेच घडवा.

माती कुंभाराकडून आणा. त्याने ती गाळून, मळून ठेवलेली असते. दोन किलो पुष्कळ झाली.

१. मोसंबीएवढा गोळा कणकेसारखा दहा मिनिटं मळा.

२. गोळा डाव्या तळहातावर धरून मधोमध अंगठा रुतवा. तळाला बोटभर माती राहू द्या. मग गोळा फिरवत अंगठा आणि बोटांच्या चिमटीत भिंत वर चढवा. जाडी ८ ते १० मिलिमीटर हवी, कारण पुढे कोरायचंय. काठ चिरू लागला तर ओलं बोट फिरवा, पण पाणी बेतानेच. माझी पहिली वाटी पाणी जास्त झाल्यामुळे बशी झाली.

३. आता थांबा. प्लास्टिकच्या पिशवीखाली ती सैलसर झाकून ठेवा. एक दिवस, पावसाळ्यात दोन. माती साबणाच्या नव्या वडीसारखी लागली, नख उमटतंय पण दाबल्याने खळगा पडत नाही, की कोरायची वेळ झाली. आधी कोरलंत तर कडा चिकटून ओढल्या जातात, उशीर केलात तर भुगा पडतो. नेमक्या वेळी मात्र सालीसारखी लांब वळी निघते. हे हाताला एकदा कळलं की उठवत नाही.

हत्यारं घरचीच: रेघेला दाभण, खोबणीला वाकवलेली हेअरपिन, ठिपक्यांना संपलेली रिफिल. खोली भिंतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. आधी पेन्सिलने आखू नका. काठाखाली एक रेघ फिरवा. ती वाकडी जाईल, तिच्या वळणावरच पुढचं बेता. काहीच सुचत नसेल तर लुगड्याचा काठ, फणसाची साल, ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. कडेला उठलेले कण ओले असताना पुसू नका, वाळल्यावर ब्रशने झटका.

४. सावलीत आठवडाभर वाळवा. वाटी थोडी आक्रसेल. गालाला लावून पाहा: गार लागली तर आत ओल आहे. भाजताना भांडं फुटलं की हवेच्या बुडबुड्याला दोष देतात, पण खरी करणी बहुतेकदा या ओलीची. तिची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की भांडं तडकतं.

५. गॅसवर भाजायचा खटाटोप करू नका. मातीला ९०० अंशांच्या आसपास आच लागते. दिवाळीआधी कुंभाराचा आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, पेटतो, तेव्हा पणत्यांबरोबर तुमचीही वाटी लावायला सांगा. पैसे आधीच विचारून घ्या. परत मिळाली की टिचकी मारा. खणखणली तर नीट भाजली, बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. बिनचिरेची निघाली तरी झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, नसल्याने पाणी झिरपणार, तेव्हा मोगऱ्याची फुलं ठेवा.