दुसऱ्या कादंबरीची खतावणी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका अडतीवर मी हिशेब लिहिते. एकोणीस वर्षं झाली. फँटसी लिहिणारी बाई हिशेबनीस आहे म्हटलं की लोकांना गंमत वाटते. पण त्याच गोष्टीच्या दुसऱ्या पुस्तकाला कल्पनेपेक्षा खतावणी, म्हणजे खातेवार नोंदींची वही, जास्त लागते, हे मला सत्तर पानं फुकट गेल्यावर कळलं.

पहिल्या पुस्तकात आपण राजे असतो. नदी उलटी फिरवा, डोंगर चालवा, कोण विचारतंय? दुसऱ्यात मात्र पहिलं पुस्तक हाच कायदा. माझ्या गोष्टीतले पाणाडी हाक मारून नदी वळवतात आणि प्रत्येक हाकेला त्यांच्या डोक्यातला एक शब्द कायमचा जातो. पहिल्या पुस्तकात, पान 212 वर, नायकाचा 'आई' हा शब्द गेला. तिथं वाचक रडले, लिहिताना मीही रडले होते. आणि दुसऱ्याच्या तिसऱ्या प्रकरणात हा गडी विहिरीत पडताना ओरडतो काय, तर 'आई गं!' भाचीनं कच्चा खर्डा वाचून फोन केला, ''मावशी, ह्याला हा शब्द कुठनं आला?''

तेव्हा नवं पान लिहायच्या आधी आपलंच पुस्तक परक्यासारखं वाचा, हातात शिसपेन्सिल घेऊन. प्रत्येक माणूस, गाव, हत्यार, नियम यांचं एकेक खातं उघडा. जखम कुठल्या हाताला, घोडा कुठल्या रंगाचा, सगळं पान क्रमांकासकट. वाचकाला दिलेला शब्द म्हणजे आपल्यावरचं देणं. तो जमेला, फेडला की नावे. न उघडलेलं पत्र, अर्धवट सांगितलेला शाप, सगळं जमेला टाका. माझी 41 देणी निघाली.

सगळी फेडायची नसतात. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात नंदी नाही. तो नदीपलीकडं यडूरला आहे, असं सांगतात. स्वर्गमंडपाचे 48 खांब मी दोनदा मोजले, तरी परतताना एसटीत डोक्यात घोळत होता तो नसलेला नंदीच. असा एखादा नंदी पुस्तकात ठेवावा. फक्त तो मुद्दाम ठेवलाय, हे खात्यावर लिहून ठेवा. लिहिलं नसेल तर तो विसर, आणि विसराचा वास वाचकाला लगेच येतो.

त्या 'आई गं'वर मी लाल रेघ मारणार होते. मग वाटलं, ओरडला कोण ते तरी बघू. नायक ओरडूच शकत नाही, म्हणजे विहिरीत आधीच कोणीतरी होतं. आता अख्खं पुस्तक त्या विहिरीभोवती फिरतंय. अर्थात असं एखाद्याच चुकीचं होतं. बाकीच्या खोडण्याच्याच लायकीच्या होत्या, खोडल्या.

आता जादूचा उतारा, म्हणजे किती घातलं की किती पडतं. त्यासाठी हंगामात एक दिवस गुऱ्हाळावर जाऊन बसा. टनभर उसाला गूळ पडतो साधारण शंभर किलो. बाकीचं पाणी वाफेवर जातं, चिपाडं चुलवाणात जळतात, मळी काढून बाजूला टाकतात, आणि काहिलीपाशी उभा गुळव्या भाजून निघतो तो वेगळाच. जादूलाही हेच विचारायचं: एवढ्याशा गुळाला ऊस किती घातला, आणि जळण कुणाचं? दुसऱ्या पुस्तकात आपण हमखास गूळ वाढवतो, ऊस तेवढाच ठेवतो. मी नायकाची विद्या वाढवली आणि गेलेल्या शब्दांची यादी टेबलासमोर चिकटवली. सतरा शब्द झालेत. त्यात 'भूक' आहे, 'उद्या' आहे. त्यामुळं जेवण मागताना तो नुसता पोटावर हात ठेवतो, आणि उद्याचं वचन त्याला देताच येत नाही. त्याचा एकेक संवाद लिहायला आठवडा जातो. जाऊ दे.

अंतरं नकाशावर मोजू नका, पायांनी मोजा. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं निघाले ते रात्री, भर पावसात, साठेक किलोमीटरची वाट. त्याच वाटेनं आम्ही पावनखिंडीपर्यंत गेलो ते मध्ये एक मुक्काम करून, आणि मसाई पठार संपेस्तोवर माझ्या पिंढऱ्या भरून आल्या होत्या. घरी येऊन पहिलं काम केलं: संध्याकाळी पोचणारी माझी फौज तीन दिवस उशिरा पोचवली.

वेळेचं म्हणाल तर माझा वेळ गूळ ठरवतो. दिवाळीच्या आगेमागे सौदे जोरात सुरू झाले की नवं पान नाही, फक्त खतावणी आणि दुरुस्त्या, पहाटे पाच ते साडेसहा. लिहायचं पावसाळ्यात. मधल्या काळात सगळे विचारतात, दुसरं कधी? गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलं तरी सुटका नाही. मी म्हणते, म्हैस पान्हावली की. त्यावर कोल्हापुरात कुणी जास्त बोलत नाही.

आणि प्रती ठेवा. 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा पहिली खतावणी पिठाच्या डब्यात घालून माळ्यावर टाकली होती. वही वाचली, शाई मात्र दमटपणानं पसरली. दोन पात्रांची वयं आजही वाचता येत नाहीत, ती अंदाजानं घातलीत. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याला 39 फूट, धोक्याची 43. माझा नियम असा की 39 झाले की वही आणि पेनड्राइव्ह राजारामपुरीला बहिणीकडं. भाची म्हणते, एवढं कशाला, पानांचे फोटो काढून पाठव की. 88 पानांपर्यंत पाठवलेत. उरलेली आज रात्री काढते, लाईट टिकली तर.