परदेशी व्यवहारांतील लाच रोखताना या चुका टाळा

परदेशात कंपनीसाठी काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाची (एजंटाची) चौकशी करार झाल्यानंतर करणे, ही चूक मी इतक्या कंपन्यांत पाहिली आहे की तिच्याविषयी सौम्यपणे लिहिणे मला जमत नाही. घाईतले नवखे अधिकारी प्रश्नावली भरून घेतात, ज्यांच्याशी व्यवहार करण्यास सरकारांनी बंदी घातली आहे त्यांच्या यादीत नाव नसल्याची खात्री करतात आणि फाइल बंद करतात. ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2014 साली परदेशी लाचेच्या 427 प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील चारपैकी तीन प्रकरणांत मध्यस्थ होते. सीमेन्स या जर्मन कंपनीला लाचेच्या प्रकरणांत 2008 पर्यंत अमेरिका व जर्मनीत मिळून 160 कोटी डॉलरहून अधिक भरावे लागले, आणि तिथेही लाचेचा मोठा भाग सल्लागार करारांच्या आडून गेला होता.

एका यंत्रनिर्मात्या कंपनीची अशीच एक फाइल माझ्याकडे तपासणीसाठी आली होती. कागद सगळे जागेवर होते, सह्या पूर्ण होत्या. मात्र सरकारी निविदा उघडण्याच्या तोंडावर एजंटाचे कमिशन दुप्पट झाले होते, इनव्हॉइसवर ‘बाजारविषयक सल्ला’ एवढेच लिहिले होते आणि पैसे तिसऱ्याच देशातील, दुसऱ्याच नावाच्या खात्यात मागितले होते. लेखा विभागातील एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने याबद्दल लेखी विचारणा केली होती. ‘वरून मंजुरी आहे’ असे उत्तर देऊन त्याला गप्प करण्यात आले. केलेल्या कामाचा पुरावा मी मागितला, तेव्हा सार्वजनिक माहिती जुळवून केलेला एक अहवाल आला, आणि त्यावरची तारीख पैसे दिल्यानंतरची होती. अमेरिकेच्या 1977 च्या परदेशी भ्रष्टाचारविरोधी कायद्यात जाणूनबुजून डोळे मिटणे हेही ‘माहीत असणे’च ठरू शकते, त्यामुळे ‘एजंटाने काय केले ते आम्हाला ठाऊक नव्हते’ या बचावावर कोणीही विसंबू नये.

माझी स्वतःची सवय अशी की, हा माणूस नेमके कोणते काम करणार, ते आपले कर्मचारी का करू शकत नाहीत आणि त्याचे नाव कोणी सुचवले, हे करारापूर्वी मी विक्री विभागाकडून लेखी घेते. नाव ग्राहकाच्याच अधिकाऱ्याने सुचवले असेल, तर पुढची बोलणी मी तिथेच थांबवते, मग निविदेची मुदत उद्याची का असेना.

दुसरी चूक ‘एवढीशी रक्कम’ म्हणून सोडून दिली जाते. सीमाशुल्कातून माल लवकर सुटावा म्हणून दिलेल्या किरकोळ पैशाला अमेरिकी कायद्यात मर्यादित सूट आहे, परंतु ब्रिटनच्या 2010 च्या लाच कायद्यात अशी सूट नाही; शिवाय ती रक्कम ‘वाहतूक खर्च’ म्हणून नोंदवली, की खोट्या नोंदीचा वेगळा दोष माथी येतो. अधिकृत शुल्काचा तक्ता आणि पावती मागावी, विलंब वेळापत्रकात आधीच धरावा, आणि जिवाला धोका असल्यामुळे पैसे द्यावेच लागले तर त्याच दिवशी वरिष्ठांना कळवून खरी नोंद करावी.

सरकारी अधिकाऱ्याने सुचवलेल्या संस्थेला दिलेली देणगी ही देणगी समजू नये. परदेशी कंपनी विकत घेताना तिचे जुने एजंट तपासल्याशिवाय त्यांची देणी चालू ठेवू नयेत. तक्रार करणाऱ्याचे नाव त्याच्या साहेबाला कळणार असेल, तर ती तक्रारपेटी काढून टाकावी आणि साहेबाच्या हाती लागणार नाही अशी वेगळी सोय करावी.