ज्यू धर्माची ओळख करून देणारं फिरतं प्रदर्शन शाळेत कसं लावायचं

आमच्या कोल्हापूरकडच्या शाळांत ज्यू म्हटलं की पोरांना इस्राएल आणि हिटलर एवढंच आठवतं, म्हणून सुरुवात तिथून करूच नका, कोकणातून करा. पहिल्या फ्लेक्सवर रायगडचा नकाशा आणि बाजूला बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांची आडनावं, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. वर्गात एखादा कागलकर किंवा गारगोटीकर असतोच, तो लगेच पुढं येतो आणि मग सगळ्यांना कळतं की ही आपल्यासारखीच मराठी बोलणारी माणसं आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या ही त्यांची परंपरेतली कथा, ती कथा म्हणूनच सांगा.

मग शनिवार तेली. हे लोक तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, त्यावरून नाव पडलं. इथं शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, समजावणं एकदम सोपं जातं, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू आणि शनिवारी रात्री संपतो. कॅलेंडरवर पोरांनाच रंगवू द्या.

आम्ही पहिल्यांदा वीस फ्लेक्स मजकुरानं गच्च भरले होते, पोरं पाच मिनिटांत बाहेर! आता फक्त आठ, बाकी हाताळायच्या वस्तू. मेझुझाची रिकामी लाकडी डबी वर्गाच्या दाराला आत शिरताना उजव्या हाताला लावतो, खऱ्या डबीत चर्मपत्रावर हातानं लिहिलेली हिब्रू प्रार्थना असते आणि येता-जाता तिला बोटं लावून ती ओठाला टेकवतात हे सांगतो. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावणाऱ्या पोरांना वेगळं काही समजवावं लागत नाही. पण आपण प्रार्थना म्हणायची नाही, तोराच्या, म्हणजे त्यांच्या पवित्र ग्रंथाच्या, गुंडाळीची नक्कल खेळायला द्यायची नाही. तो त्यांचा धर्म आहे, नाटक नाही.

सगळ्यात रमतात ते खाण्यात. मटण आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून कालवणाला नारळाचं दूध, हे आमच्या पांढऱ्या रश्श्याच्या गावात लगेच पटतं. मलिदा मात्र कराच: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि बाजूनं फळं. घरात काही चांगलं झालं की एलियाहू हन्नाबी म्हणजे संदेष्टा एलिया, त्यांचं स्मरण करून आभार मानतात तेव्हा हा मलिदा असतो.

आठवीच्या पुढच्या वर्गांना साठ लाख ज्यूंच्या हत्येबद्दल स्वतंत्र तास घ्या, लहानांना नको. आपलं स्वस्तिक आणि नाझींचं चिन्ह यातला फरक तेव्हाच बोला.

मजकूर छापायच्या आधी अलिबाग, पुणे किंवा मुंबईच्या एखाद्या बेने इस्राएल माणसाकडून तपासून घ्या. फ्लेक्सना वर-खाली रिंगा बसवा, सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधता येतात आणि सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत मावतं, एसटीनं गगनबावड्यापर्यंत जातं. झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवा, पुढच्या शाळेला देताना मोजून द्या.